कथेतली बाई आणि खडकातले काम

१

शास्त्रज्ञ पुरुषाचे चरित्र लिहायला बसलेला लेखक आधी त्याचे शोध सांगतो आणि मग, जागा उरलीच तर, त्याच्या संसाराकडे वळतो. स्त्रीचे चरित्र लिहिताना हा क्रम हटकून उलटतो. ती कोणाची मुलगी, तिचे लग्न झाले होते की नाही, नसल्यास का झाले नाही, याची चौकशी आधी होते. आणि जन्मभर तिने जे काम केले त्याची वासलात शेवटच्या दोन परिच्छेदांत लागते. ही तक्रार काही नवी नाही. परंतु तिच्यामागे ललित वाङ्मयाच्या दृष्टीने एक खरा प्रश्न दडलेला आहे. तो असा : काम हा कथेचा विषय होऊ शकतो काय? की कामाने नेहमी मागच्या पडद्यासारखे उभे राहायचे आणि कथा मात्र प्रेमात, विरहात, मृत्यूतच घडायची?

मी कादंबऱ्या लिहिते, म्हणून हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझ्या एका कादंबरीचे हस्तलिखित वाचून एका प्रकाशकांनी मला विचारले होते, "बाई, तुमची ही मास्तरीण सकाळपासून संध्याकाळपर्यंत शाळाच करते. तिच्या आयुष्यात काही घडत नाही का?" ज्याने चाळीस मुलांच्या वर्गात एक दिवस काढला आहे, तो हा प्रश्न विचारणार नाही. पण प्रकाशकांना दोष देण्यात अर्थ नाही. वाचकाला काय रुचते याचा त्यांचा अंदाज वाङ्मयाच्या जुन्या सवयींवरच बांधलेला असतो. त्या सवयी तपासून पाहाव्यात एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तपासणीसाठी उदाहरण असे निवडले आहे की, ज्यात नायिकेच्या कामाकडे दुर्लक्ष करणे लेखकाला अशक्य व्हावे. इंग्लंडच्या समुद्रकाठी एक बाई उभ्या कड्यातून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे सांगाडे खणून काढीत होती. इतके अद्भुत काम क्वचितच कोणाच्या वाट्याला येते. तरीही लेखकांनी तिचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

२

तिचे नाव मेरी ॲनिंग. जन्म १७९९, गाव लाइम रीजिस. बाप रिचर्ड लाकडी सामान करणारा सुतार. कड्यातून निघालेले शिंपले आणि चक्राकार दगड हौशी पाहुण्यांना विकून तो चार पैसे जोडीत असे. १८१० साली तो वारला आणि घरावर एकशेवीस पौंडांचे कर्ज ठेवून गेला. पुढच्याच वर्षी मेरीच्या भावाला, जोसेफला, कड्यात एक भले मोठे डोके दिसले. उरलेला सांगाडा मेरीने १८१२ साली शोधून काढला. त्या वेळी ती जेमतेम तेरा वर्षांची होती. समुद्रात राहणाऱ्या त्या सरपटणाऱ्या प्राण्याला पुढे शास्त्रज्ञांनी इक्थिओसॉर, म्हणजे मत्स्यसरडा, असे नाव दिले. मुलांना तेवीस पौंड मिळाले.

त्या काळी जीवाश्मशास्त्र हे शास्त्र म्हणून नुकते डोळे उघडीत होते. पृथ्वीवरून एखादी प्राण्याची जात समूळ नाहीशी होऊ शकते, ही कल्पनासुद्धा अनेकांना पटत नव्हती. पॅरिसमध्ये कुव्हिए हा थोर शरीरशास्त्रज्ञ ती हाडांच्या आधारे सिद्ध करीत होता. १८२३ च्या डिसेंबरात मेरीने प्लेसिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा काढला. त्याची मान इतकी लांब होती की, हा खोटा, जोडून तयार केलेला नमुना असावा असा संशय खुद्द कुव्हिएने घेतला. मेरीची उपजीविका आणि इभ्रत दोन्ही त्या मानेत अडकली होती. १८२४ च्या फेब्रुवारीत लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्या सांगाड्यावर चर्चा झाली. तो खरा ठरला आणि कुव्हिएने आपला संशय मागे घेतला. मात्र त्या सभेत निबंध वाचणाऱ्या कोनिबेअरने सांगाडा काढणाऱ्या बाईचे नाव घेतले नाही. तिला सभेला बसण्याचा अधिकारही नव्हता. त्या संस्थेने स्त्रियांना सभासद करून घ्यायला १९१९ साल उजाडावे लागले.

येथवरची हकीकत बहुतेक सर्व पुस्तकांत सापडते. मला अधिक मोलाच्या वाटतात त्या दुसऱ्याच दोन गोष्टी. पहिली अशी की, विकत घेणे परवडत नसलेले शास्त्रीय निबंध मेरी हाताने उतरवून घेत असे, आणि त्यांतल्या आकृत्याही अक्षरशः तशाच काढीत असे. शालान्त परीक्षेपुढे जाऊ न शकलेल्या माझ्यासारखीला या नकलांचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. दुसरी गोष्ट काहीशी गमतीची आहे. इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी तिला पुन्हा पुन्हा विशिष्ट आकाराचे खडे सापडत. ते तिने फोडून पाहिले तेव्हा आत माशांची हाडे आणि खवले निघाले. ते खडे म्हणजे दगड झालेली विष्ठा होती. १८२९ साली बकलँड या प्राध्यापकाने हा सिद्धान्त मांडला आणि त्यांना नाव दिले. पण खडा फोडून आत डोकावणारी नजर मेरीची होती.

१८४७ साली वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने ती वारली. लग्न केले नव्हते.

३

आता लेखकांकडे वळू. तिच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, १८६५ साली, चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात तिच्यावर एक निनावी लेख आला. त्याचा सूर नीतिकथेचा आहे. गरीब सुताराची पोर, पण कष्टाने नाव मिळवले, तेव्हा मुलांनो, तुम्हीही कष्ट करा! हा सूर पुढे बालवाङ्मयाने उचलला आणि त्याला एका चमत्काराची जोड दिली. मेरी तान्ही असताना तिला घेऊन बसलेल्या बाईवर वीज पडली. तीन बायका मेल्या, मूल वाचले. ही घटना खरी आहे. पण गावकरी म्हणत की, विजेमुळेच ती पुढे इतकी हुशार झाली. आणि लेखकांनी ते म्हणणे मोठ्या आवडीने पसरवले. आपल्याला हे नवे नाही. ज्याच्या बुद्धीचा उगम सापडत नाही त्याच्या जन्मकथेत आपणही एखादा दृष्टान्त घालतोच. पण विजेने हुशारी आली असे म्हटले की, हाताने उतरवलेल्या त्या निबंधांच्या चळतीला काही अर्थ उरत नाही.

जॉन फाउल्स यांची 'द फ्रेंच लेफ्टनंट्स वूमन' ही कादंबरी १९६९ ची. तिचे स्थळ हेच गाव, काळ १८६७. नायक चार्ल्स हा सुखवस्तू आणि जीवाश्मांचा शौकीन. कादंबरी श्रेष्ठ आहे यात शंका नाही. लेखकाने मेरी ॲनिंगची दखल घेतली आहे आणि तिच्यावरील अन्यायाबद्दल खेदही व्यक्त केला आहे. तिने काढलेल्या दुकानात नायक जातो. पण कथेच्या यंत्रात जीवाश्मांचे काम काय? नायकाने एकांतातल्या झाडीत हिंडावे आणि तेथे त्याची नायिकेशी गाठ पडावी, एवढेच. दगड हे भेटीचे निमित्त आहे. फाउल्स पुढे १९७९ पासून काही वर्षे त्या गावच्या वस्तुसंग्रहालयाचे अभिरक्षक होते, आणि ते संग्रहालय मेरीच्या घराच्या जागेवर उभे आहे. माणूस म्हणून त्यांनी तिचे ऋण फेडले. कादंबरीकार म्हणून ते तिच्या दारावरून पुढे गेले.

ट्रेसी शेव्हलिअर यांची 'रिमार्केबल क्रीचर्स' ही २००९ ची कादंबरी मात्र थेट मेरीवर आहे. मेरी आणि तिची मोठी मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट या दोघी आळीपाळीने कथा सांगतात. मैत्रीण सुखवस्तू, शिकलेली, माशांचे जीवाश्म जमवणारी. मेरी गरीब, पण नजरेची धनी. वर्गाचे अंतर ओलांडून दोन अविवाहित स्त्रियांमध्ये कामावरून मैत्री जमते, ही कल्पना अस्सल आहे, आणि ओल्या वाळूत डोळे लावून चालण्याचे वर्णन करताना लेखिकेची लेखणी खरोखर रंगते. सुरुवात विजेनेच होते, तेही समजू शकते. माझा खरा आक्षेप कर्नल बर्च या पात्राबद्दल आहे. हा गृहस्थ ऐतिहासिक आहे. १८२० साली त्याने आपला संग्रह लिलावात विकून चारशे पौंड ॲनिंग कुटुंबाला दिले. कादंबरीत हाच बर्च दोघींच्या मनात घर करतो, मेरी त्याच्या प्रेमात पडते आणि मैत्री तुटते. पुढे प्लेसिओसॉरचा प्रसंग येतो तेव्हा, ज्या क्षणी आपण श्वास रोखून त्या मानेकडे पाहायला हवे, त्या क्षणी आपले लक्ष दोघींचे पुन्हा जमते की नाही याकडे लागलेले असते. लेखिकेला दोघींच्या कामातला मत्सर दाखवता आला असता. नमुना कोणाचा, नाव कोणाचे, हे भांडण काही कमी जीवघेणे नसते. पण त्या भांडणावर तिचा विश्वास बसला नाही, आणि एक पुरुष मधे आणावा लागला.

२०२० साली फ्रान्सिस ली यांचा 'ॲमोनाइट' हा चित्रपट आला. केट विन्स्लेट या नटीने मेरीचे चिखलात रुतलेले, अबोल, राठ आयुष्य फार ताकदीने उभे केले आहे. दगड घासण्याच्या आवाजाने सुरुवातीची काही दृश्ये भारून टाकली आहेत. पण पुढे चित्रपट वळतो तो मेरी आणि शार्लट मर्चिसन यांच्या प्रेमाकडे. दोन स्त्रियांच्या प्रेमाला माझी हरकत नाही. कलावंताने ते दाखवू नये असे कोणी म्हणू नये. हरकत वेगळी आहे. इतिहासात या प्रेमाला पुरावा नाही, एवढेही मी बाजूला ठेवीन. पण खरी शार्लट ही भूशास्त्रज्ञाची स्वतः अभ्यासू असलेली पत्नी होती, मेरीपेक्षा अकरा वर्षांनी मोठी होती, आणि १८२५ साली लाइम येथे मुद्दाम राहून ती मेरीकडून जीवाश्म शोधायला शिकली. चित्रपटात तीच नाजूक, आजारी, कोवळी पत्नी झाली आहे. पस्तिशी उलटलेली एक प्रतिष्ठित बाई सुताराच्या सव्वीस वर्षांच्या मुलीकडे शिष्या म्हणून येते आणि चिखलात वाकते, या खऱ्या प्रसंगात केवढे नाट्य होते! शिष्या झाली नायिका आणि शिकणे झाले आजारपण.

तात्पर्य, दीडशे वर्षांत मेरी ॲनिंगला नीतिकथेची पोर व्हावे लागले, भेटीचे निमित्त व्हावे लागले, त्रिकोणाची एक बाजू व्हावे लागले आणि प्रेयसी व्हावे लागले. ती सर्वांत जास्त वेळ जे करीत होती, म्हणजे पाहणे, ते एकाही कृतीचा कणा झाले नाही.

४

हे सारे परक्यांचे झाले. आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे या शास्त्राचा आरंभही फार जुना आहे. १८२८ साली जबलपूरला एका टेकडीत प्रचंड हाडे सापडली. ती शोधणारा स्लीमन हा ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेलाच अधिकारी. त्या हाडांवरून १८७७ मध्ये लिडेकरने 'टायटॅनोसॉरस' ही डायनोसॉरची जात वर्णिली. नागपुरात १८४५ साली आलेले स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी आपले सहकारी हंटर यांच्याबरोबर फिरताना खडकांतले शिंपले आणि पाने गोळा करीत. नागपूरच्या आसपासच्या जीवाश्मांवर त्या दोघांचा निबंध १८५५ साली प्रसिद्ध झाला. १८६३ साली हिस्लॉप जुनी शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले. पुढे त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात उभे राहिले.

या जीवाश्मांचे वैशिष्ट्य समजायला आपल्या पायाखालचा दगड आठवावा. ज्यात धाराशिवची लेणी कोरली आहेत, तो काळा पत्थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारचा बराचसा प्रदेश, मिळून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी, त्याने आज व्यापलेली आहे. पण हा लाव्हा एका दमात वाहिला नाही. एका थरानंतर दुसरा थर येईपर्यंत मधे मोठी विश्रांती असे. त्या विश्रांतीत तळी साचत, झाडे उगवत, फुले येत, मासे पोहत. मग पुन्हा लाव्हा येई आणि सारे झाकले जाई. काही ठिकाणी सिलिकायुक्त पाणी झाडांच्या पेशी-पेशींत मुरले आणि त्यांचा गारगोटीसारखा कठीण दगड झाला. छिंदवाडा जिल्ह्यातले मोहगाव कलान हे असे एक ठिकाण. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हा ते एका अर्थाने नागपूरच्याच अंगणात होते. तेथल्या एका फळाचे वर्णन १९४३ साली बिरबल सहानी यांनी केले आणि त्याला 'एनिग्मोकार्पॉन', म्हणजे कोड्यात टाकणारे फळ, असे नाव दिले. शास्त्रज्ञही कधी कधी कवीच्या वाटेने जातो तो असा.

या मोहगावच्या दगडांवर ज्यांनी आयुष्याची उमेद घातली, त्यांत श्यामला चितळे हे नाव ठळक आहे. जन्म १९१८. नागपूरच्या विज्ञान संस्थेत त्या वनस्पतिशास्त्र शिकवीत. मोहगावच्या सूक्ष्म वनस्पती-अवशेषांवरचा त्यांचा निबंध १९५१ चा आहे. पुढे इंग्लंडात रेडिंग विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९७४ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर मोहगावच्या दगडातले एक नवे फूल वर्णिले. त्याचे नाव 'डेक्कनॅन्थस सावित्री'. दख्खन आणि सावित्री असे दोन्ही शब्द त्या इवल्या फुलाच्या नावात आहेत. नोकरीतून निवृत्त होऊन माणसे काशीयात्रेचा विचार करू लागतात त्या वयात, १९८० च्या सुमारास, त्या अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पुरावनस्पतिशास्त्राच्या पहिल्या अभिरक्षक झाल्या. १९९६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कॅथलीन पिग यांच्या समवेत त्यांनी तेथल्या सुमारे छत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातून एका सडपातळ झाडाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला त्यांनी क्लीव्हलँड शहराचेच नाव दिले. २०१३ साली त्या वारल्या.

मी आमच्या शाळेत, वाचनालयात, ओळखीच्या घरांत हे नाव किती जणांना ठाऊक आहे हे विचारून पाहिले. एकानेही होय म्हटले नाही. आता समजा, उद्या कोणी त्यांच्यावर लिहायला बसला, तर काय लिहील? नीतिकथा नाही, प्रेमकथा नाही, तर आपल्याकडे तिसरीच एक सवय आहे : गौरवकथा. मराठी स्त्रीने साता समुद्रापार झेंडा रोवला! दोन सत्कार, एक शाल, एक श्रीफळ, संपले. झेंडा उंच असतो. त्याच्या खाली माणूस काय करीत होता ते दिसत नाही.

काम काय होते? चकमकीच्या जातीचा तो दगड आधी करवतीने कापायचा. मग त्याची बाजू घासून आरशासारखी करायची. मग हाडापर्यंत पोचणाऱ्या जहाल आम्लाने तो दगड केसभर झिजवायचा, म्हणजे पेशींच्या भिंती किंचित वर उठून येतात. त्यावर पातळ पापुद्रा चढवायचा, सुकल्यावर कांद्याच्या सालीसारखा सोलायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. नंतर पुन्हा घासायचे, पुन्हा झिजवायचे, पुन्हा सोलायचे. फळ एका दृष्टिक्षेपात कधीच दिसत नाही; असे कित्येक पापुद्रे एकापुढे एक मांडून ते मनात उभे करावे लागते. कितव्या पापुद्र्यावर बी दिसू लागली आणि कितव्यावर संपली, यावरून त्याचा आकार ठरतो.

आणखी एक अडचण अशी की, फूल एका दगडात सापडते आणि फळ दुसऱ्यात. ते एकाच झाडाचे आहेत हे कोण सांगणार? मोहगावच्याच 'सहानिअँथस' नावाच्या फुलाचे वर्णन शुक्ल यांनी १९४४ साली केले. ते फूल आणि सहानींचे कोड्याचे फळ एकाच वनस्पतीचे, हा निष्कर्ष दोघांच्या आतल्या रचनेची घरे एकेक करून जुळवल्यावर निघाला. साडेसहा कोटी वर्षे ताटातूट झालेल्या फुलाची आणि फळाची ही सोयरीक. ज्या लेखकाला सोयरिकीवाचून कथा लिहिता येत नाही, त्याने ही घ्यावी. हीत संशय आहे, पुरावा आहे, विरोध आहे आणि शेवटी मंगलाक्षताही आहेत.

सहानींच्या निमित्ताने आणखी एका स्त्रीचा उल्लेख करायला हवा. १९४९ च्या ३ एप्रिलला लखनौ येथे त्यांच्या पुरावनस्पतिशास्त्र संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंनी बसवली, आणि आठवडाभरात सहानी निवर्तले. इमारत उभी व्हायची होती. ती उभी करण्याचा आणि संस्था चालवण्याचा भार त्यांच्या पत्नी सावित्री सहानी यांनी उचलला. ही हकीकत सांगताना लोक त्यांच्या पतिनिष्ठेची वाखाणणी करतात. निष्ठा असेलच. पण पैसा उभारणे, माणसे नेमणे, शास्त्रज्ञांची मने सांभाळणे ही निष्ठेची कामे नव्हेत, अकलेची आहेत. यमाच्या मागे जाणारी सावित्री पुराणातही वादात जिंकली होती, हे आपण विसरतो.

५

मेरी ॲनिंगने फोडलेल्या त्या खड्यांची आठवण येथे पुन्हा करावी लागते, कारण त्यांचा धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोचतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे डायनोसॉरची हाडे सापडतात आणि त्यांची दगड झालेली विष्ठाही सापडते. लखनौच्या सहानी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते खडे तपासले. त्यांत गवताच्या पेशींमध्ये तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. गवत डायनोसॉरनंतर आले असा तोवरचा सर्वसाधारण समज होता. या खड्यांनी दाखवले की, डायनोसॉर गवत खात होते, आणि त्या गवतांत भाताच्या नातलगांचाही समावेश होता.

ज्वारी, गहू, तांदूळ ही सारी गवतेच. आपल्या ताटातल्या भाकरीची वंशावळ अशी शेणातून वाचता यावी, याचे कोणाला नवल वाटले तरी आपल्याकडच्या बायकांना वाटू नये. दिवाळीच्या पाडव्याला दारापुढे शेणाच्या गवळणी मांडताना त्या शेणाकडे नाक मुरडून पाहत नाहीत. ढोराने काय खाल्ले हे गोठ्यातली बाई शेणावरून ओळखते. मेरीने खडा फोडून जे केले ते याच जातीचे होते. शास्त्राची सुरुवात प्रयोगशाळेच्या दारात होते असे मानणारे लोक ही नजर शास्त्रात धरीत नाहीत, आणि कथालेखक ती कथेत धरीत नाहीत. दोघांचा दोष एकच आहे.

६

आमच्या धाराशिव जिल्ह्यात या विषयाचा विचार करताना तेर गाव डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे रोमशी व्यापार करणारे प्राचीन तगर. १९५८ साली चापेकर यांनी तेथे उत्खनन केले. पण त्याच्याही आधीपासून गावचे रामलिंगप्पा लामतुरे पांढरीतून निघणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती जमवीत आले होते. त्यांच्या नावाने तेथे आज शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. पदवीवाचून, नेमणुकीवाचून केवळ नजरेच्या बळावर माणूस केवढे काम करू शकतो, याचा हा आपल्या घरचा दाखला.

लामतुरे यांना संग्रहालय लाभले हे भाग्य. पण पाऊस पडून गेल्यावर पांढरीत मणी वर येतात, तेव्हा ते पहिल्यांदा कोणाला दिसत असतील? खुरपायला वाकलेल्या बाईला, शेळ्यांमागे गेलेल्या पोरीला. मांजरेच्या काठच्या गाळातून संशोधकांनी प्राचीन हत्तीची आणि पाणघोड्याची दगड झालेली हाडे बाहेर काढली. तशी हाडे पूर्वी कोणाच्या नांगराला लागली असतील, तर ती राक्षसाची म्हणून पुन्हा मातीत गेली असतील. हा माझा तर्क आहे, इतिहास नव्हे. पण इतिहासाचे दप्तर जेथे कोरे राहते तेथेच कादंबरीकाराचे काम सुरू होते. त्याने तेथे काय भरावे, हा या लेखाचा मूळ प्रश्न.

त्याचे उत्तर तेरलाच आहे. गोरोबाकाकांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संतमंडळी जमलेली असताना गोरोबांनी आपले थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून कोणाचे मडके भाजलेले आणि कोणाचे कच्चे ते सांगितले. नामदेवांचे मडके कच्चे ठरले. ही कथा शेकडो वर्षे का टिकली? तिच्यात विरह नाही, युद्ध नाही, लग्न नाही. तिच्यात एका कुंभाराचे हत्यार आहे आणि आवाजावरून मडके ओळखणारा कान आहे. कुंभाराचे काम या कथेत पार्श्वभूमीला नाही; तेच कथेचे मर्म आहे. थापटणे काढून घ्या, कथा उरणार नाही. ज्या लोकांनी ही कथा रचली आणि जपली, त्यांना काम हा कथेचा विषय होतो की नाही असा प्रश्न पडला नव्हता. तो आपल्याला, छापील पुस्तके वाचणाऱ्यांना, पडू लागला.

मेरी ॲनिंगवरच्या कृतींना मी हीच कसोटी लावून पाहते. तिचा हातोडा काढून घेतला तर फाउल्स यांची कादंबरी जशीच्या तशी राहते. 'ॲमोनाइट' बहुतांशी राहतो. शेव्हलिअर यांची कादंबरी निम्मी ढासळते, आणि म्हणूनच या तिघांत मी तिला वरचे स्थान देते. जी पुरती ढासळेल अशी कृती अजून लिहिली जायची आहे. श्यामलाबाई चितळे यांच्यावर मराठीत तशी कादंबरी कोणी लिहायला घेतली, तर त्याने सुरुवात त्यांच्या घराण्यापासून, माहेरापासून, परदेशगमनापासून करू नये. दगड कापण्याच्या करवतीचा आवाज कसा असतो, तो आधी जाऊन ऐकून यावा.